मोह दुपारी पडत नाही

मोहाचं फूल कुणी तोडत नाही. ते पडायची वाट बघायची असते, आणि ते पडतं पहाटे. तांबडं फुटायच्या आधी सुरू होतं ते ऊन अंगाला लागेपर्यंत, मग झाड दिवसभर गप्प. नऊ-दहाला झाडाखाली जाणाऱ्याच्या वाट्याला हरणांनी, माकडांनी आणि शेजारणींनी मागे ठेवलेलं येतं, आणि शेजारणी फारसं काही मागे ठेवत नाहीत. म्हणून आमच्या झाडीपट्टीत फाल्गुन-चैत्रातल्या सकाळीला फार भाव. त्या महिन्याभरात जो सकाळी उठला तो माणूस. जो उठला नाही त्याच्याबद्दल गाव काय बोलतं ते ऐकत मी लहानाची मोठी झाले, आणि पुढे मीही तेच बोलले.

आता मी चंद्रपुरात राहते. आमच्या कॉलनीमागच्या नाल्याच्या काठावर एकच मोह उरलाय. त्याची फुलं कुणी वेचत नाही. गाड्यांच्या चाकांखाली ती चिरडतात आणि रस्ता चिकट होतो. कॉलनीतल्या नव्या लोकांना तो वास सहन होत नाही, नाकाला रुमाल लावून जातात. मला मात्र त्या वासानं दरवर्षी गावाकडे ओढल्यासारखं होतं. यंदा तो वास खिडकीतून आला तेव्हा मी पलंगावर उताणी पडले होते आणि मला कूस बदलता येत नव्हती.

दिवाळीनंतर केव्हातरी सुरू झालं ते. आधी उजवा खांदा, मग डावा, मग दोन्ही मांड्या. दुखणं म्हणावं तर दुखणं, पण त्याहून जास्त ताठरपणा. रात्रभरात अंगात कुणीतरी सिमेंट ओतावं आणि ते सकाळपर्यंत घट्ट व्हावं, तसा. ही उपमा आमच्या ह्यांची. कोरपन्याकडच्या सिमेंटच्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली, त्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट सिमेंटसारखी दिसते. रोज सकाळी ते मला काखेत हात घालून उठवायचे. पाठीमागची हुकं तेच लावायचे, आणि एक हूक हमखास चुकीच्या घरात. वेणी घालता येईना म्हणून मी केस मोकळे सोडायला लागले. पौर्णिमेला विहारात वंदनेच्या वेळी सगळ्यांचे हात कपाळाशी गेले आणि माझे छातीशीच राहिले. शेजारची बाई माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे मिटून घेतले.

गंमत अशी की दुपारी दोनच्या सुमाराला हे सगळं ओसरायचं. पूर्ण नाही, पण इतकं की मी पोळ्या लाटायचे, दोरीवरचे कपडे काढायचे, समोरच्या बाईशी फाटकात उभी राहून गप्पा मारायचे. हे हसून म्हणायचे, "सकाळची म्हातारी अन् दुपारची पोरगी. मले तं दोन बायका भेटल्या."

मी हसले नाही. ते वाक्य मला कुठेतरी लागलं. कुठे, ते तेव्हा कळलं नाही. नुसतं वाटलं की असंच काहीतरी मी पूर्वी ऐकलंय. ऐकलं नव्हतं, मीच बोलले होते.

वीसेक वर्षं झाली असतील. मी गडचिरोलीच्या पलीकडे जंगलातल्या एका उपकेंद्रात नर्स होते, आणि मोहासाठी आठवड्याची रजा काढून माहेरी आले होते. नागभीडच्या अलीकडे, धानाच्या बांध्या जिथे संपतात आणि जंगल सुरू होतं तिथे आमचं गाव. धाकट्या भावाचं लग्न आदल्या उन्हाळ्यात झालेलं. त्याची बायको रंजू, आमच्या घरातला तिचा तो पहिला मोह. पहिल्याच सकाळी बघते तर रंजू एकटीच टोपली डोक्यावर घेऊन शेजारणींबरोबर निघाली, आणि माझी माय चटईवर उताणी, डोळे उघडे, छपराच्या कवेलूंकडे बघत.

"माय, उठत नाई का?"

"उठून राह्यली ना. जराशीक थांब."

ती जराशीक आठपर्यंत चालली. ज्या बाईनं मला उभ्या जन्मात मोहाच्या दिवसांत निजू दिलं नाही, पायाच्या अंगठ्याला धरून उठवलं, ती बाई ऊन अंगणात येईपर्यंत पडून होती. मग भिंतीला धरून उठली, चूल पेटवली. दुपार झाली तशी तिच्या अंगात जीव आला. तिनं हातपंपावरून पाणी आणलं, फुलं अंगणात पसरली, पलीकडच्या काकूशी कसल्यातरी गोष्टीवर खदखदून हसली. मी ओट्यावर बसून बघत होते, आणि माझ्यातली नर्स तिचा हिशेब मांडत होती.

गावानं तर तो आधीच मांडला होता. झाडाखाली एका बाईनं मला ऐकवलंच, "सून आली अन् सासूची कंबर गेली वं बाई." सगळ्या हसल्या. रंजू मान खाली घालून वेचत राहिली. तिच्या त्या खाली घातलेल्या मानेची मला फार दया आली. मायची आली नाही.

त्यात झाडाचीही काळजी होती. मोहाची झाडं कुणाच्या नावावर नसतात, पण कुठलं झाड कुठल्या घरानं वेचायचं हे गावाला ठाऊक असतं. होळीच्या आधी त्या घरानं झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करायची आणि रोज सकाळी हजर राहायचं. चार सकाळी कुणी फिरकलं नाही की दुसरं घर खराटा घेऊन येतं, आणि मग भांडता येत नाही. आमचं झाड बांधाच्या टोकाला, जंगलाच्या तोंडाशी. मायनं लग्न होऊन आल्यापासून तेच वेचलेलं. रंजू एकटी त्या टोकाला जायला घाबरायची, शेजारणींच्या झाडांपाशीच थांबायची, आणि घाबरण्यात तिचं काही चुकत नव्हतं. वाघ तेव्हाही होते, अस्वल तर मोहावर येतंच.

तिसऱ्या दिवशी मी मायला तपासलं. अगदी रीतसर. ताप नाही. बीपी नीट. गुडघे, मनगटं, बोटं, कुठेही सूज नाही. माझ्या पिशवीत जेवढी साधनं होती तेवढ्या सगळ्यांनी माय ठणठणीत असल्याचं सांगितलं.

"दुखते कुठी?"

"खांद्यावर. अन् इथी, मांड्यात. सकाळी तं असं वाटते का कोणी खांद्यावर पाय देऊन उभं आहे."

"अन् दुपारी?"

"दुपारी उतरते थो."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. माझ्या तोंडून ते जसं गेलं तसंच लिहिते, त्यात काही कमी-जास्त करायचा मला अधिकार नाही. मी म्हटलं, "माय, मोहा पडते तवरी दुखते अन् मोहा सरला का बरं वाटते. असं कोणतं दुखणं असते? मनाचं आहे हे तुह्यं. उठत जा. सून काय म्हणंल?"

माय माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे तेव्हा चांगले होते. घारे, मोठे, कोपऱ्यात सुरकुत्या. म्हणाली, "तू पाह्यलं ना नीट?"

"पाह्यलं."

"काई नाई ना?"

"काई नाई."

"बरं," ती म्हणाली.

मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून शरमली.

दुसऱ्या दिवशी अंधारात ती उठली. मी जागी होते. ती आधी पालथी झाली. मग कोपरं टेकली, मग गुडघे. मग रांगत मधल्या खांबापाशी गेली आणि खांबाला मिठी मारून वर सरकत सरकत उभी राहिली. मी हे सगळं गोधडीतून बघितलं आणि मनात म्हटलं, नाटक बघा. झाडाखाली तिला वाकता येईना. तिनं राखेत बसकण मारली आणि बसल्या बसल्या पुढे सरकत वेचायला लागली. घरी आली तेव्हा लुगडं मागून काळंकुट्ट. मी म्हटलं, "उभ्यानं वेचता नाई येत का? लुगडं पाह्य कसं मळवलं." ती म्हणाली, "बसून बरं वेचते."

त्यानंतर त्या मोहात तिनं एक सकाळ चुकवली नाही. झाड आमच्याकडे राहिलं. मी ड्यूटीवर परतले ती मोठ्या तोऱ्यात. पुढे कितीतरी वर्षं बायकांच्या बैठकांमध्ये मी ती गोष्ट सांगायचे. अंग दुखतं म्हणणाऱ्या बायकांना म्हणायचे, माझ्या आईचंही दुखत होतं, मी तिला उठवलं, कामाला लावलं, झाली बरी. बायका माना हलवायच्या. माझी गोष्ट चांगली रंगायची.

यंदा मी आधी माझं स्वतःचं निदान केलं, सवयच ती. चिकनगुनियाचं राहिलेलं दुखणं. मग एका डॉक्टरांनी खांदे जखडलेत म्हणून व्यायाम दिले. व्यायामानं मी रडकुंडीला आले. शेवटी बाहेरगावी असलेल्या मुलीनं फोनवरूनच नंबर लावला तो सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. तिशी-पस्तिशीची पोरगी, केस आखूड, आवाज शांत. तिनं मला हात वर करायला सांगितले. ते खांद्याच्या वर गेले नाहीत. खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. जमलं नाही. रक्ताचे रिपोर्ट बघितले, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर भलताच वाढलेला. मग तिनं विचारलं, "सकाळी जास्त असतं? दुपारनंतर उतरतं?"

"हो."

"पॉलिमायल्जिया रुमॅटिका," ती म्हणाली. ह्यांनी ते नाव तीनदा विचारलं आणि शेवटी कागदावर लिहून घेतलं. ती सांगत होती की हा पन्नाशीनंतरच होतो, बायकांना जास्त होतो, सांधे सुजलेले दिसत नाहीत म्हणून पुष्कळदा लक्षातच येत नाही, आणि सकाळचा ताठरपणा हीच त्याची खूण. स्टेरॉईडच्या छोट्या डोसनं काही दिवसांत फरक पडतो.

सकाळचा ताठरपणा हीच त्याची खूण. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"आता काही प्रश्न विचारते, नीट आठवून सांगा," ती म्हणाली. "डोकं दुखतं का? इथे, कानशिलाजवळ?"

"नाही."

"केस विंचरताना डोक्याची कातडी दुखते?"

"नाही."

"जेवताना, चावताना जबडा दुखतो, थकतो?"

"नाही."

"डोळ्यांपुढे अंधारी? एका डोळ्यानं थोडा वेळ दिसेनासं होणं?"

"नाही," मी म्हटलं. माझ्यापुरती चारही उत्तरं खरी होती. पण प्रत्येक प्रश्नाला आतून मायच्या आवाजात हो येत होतं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ती म्हणाली होती की जेवताना जबडा थकून जाते, आणि मी म्हटलं होतं, बोलणं कमी कर, नाई थकणार. त्याच पावसाळ्यात तिनं रंजूकडून केस कापून घेतले होते, फणी लागली की डोस्कं ठणकते म्हणून. मी त्या बोडक्या डोक्यावरून चेष्टा केली होती.

"हे का विचारता?" मी म्हटलं.

"ह्या आजाराबरोबर कधीकधी डोक्याच्या रक्तवाहिनीलाही सूज येते. मग डोळा जाऊ शकतो. ह्यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं, उद्यावर टाकायचं नाही."

ह्यांनी तेही लिहून घेतलं. मी विचारलं, "एखाद्या बाईला हे सगळं झालं, आणि नंतर डोळे गेले, तर?"

"कोण?"

"होती एक पेशंट," मी म्हटलं. माय म्हणायची हिंमत झाली नाही.

"बघितल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. पण गोळ्या वेळेवर सुरू झाल्या असत्या तर डोळे बहुतेक वाचले असते."

तिला काय ठाऊक ती कुणाला सांगतेय. चूक तिची नाही.

मायचा डावा डोळा धानाच्या रोवण्याच्या दिवसांत गेला. भावाचा निरोप आला तेव्हा मी साथीच्या कामात होते. मी फोनवरूनच सांगितलं, मोतीबिंदू असेल, वयच आहे, दिवाळीनंतर डोळ्यांचं शिबिर लागेल तेव्हा नेऊ. शिबिर लागेपर्यंत उजवाही गेला होता. तिथल्या डॉक्टरनं टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, मोतीबिंदू नाही हा, डोळ्यामागची नस गेली, उशीर झाला. रांग मोठी होती. मी मायचा हात धरून तिला रांगेतून बाहेर आणलं. तिनं विचारलं, "काय म्हणते थो?" मी म्हटलं, "नस सुकली म्हणते. वयानं होते." ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. अंगाचं दुखणं दोनेक वर्षांत आपोआप निवळलं, डोळे मात्र तसेच. मोहाच्या दिवसांत ती दारात बसायची आणि वासावरून सांगायची, आज जोरात पडून राह्यला. वाळलेली फुलं तिच्यासमोर ठेवली की बोटांनी चाचपत केसर झाडून काढायची. मातीचा एक खडा राहू द्यायची नाही. मी यायचे तेव्हा माझ्या तोंडावरून हात फिरवायची आणि म्हणायची, बारीक झाली वं तू.

गोळ्या सुरू केल्या त्याच्या तिसऱ्या सकाळची गोष्ट. मला जाग आली ती खिडकीतून येणाऱ्या मोहाच्या वासानं. मी उठले, न्हाणीत गेले, तोंड धुतलं, आरशासमोर उभी राहिले, फणी घेतली आणि केसांचे तीन पेड करून वेणी घालायला लागले. वेणी अर्धी झाली तेव्हा लक्षात आलं की माझे दोन्ही हात मानेमागे आहेत. मला कुणी उठवलं नव्हतं. तेवढ्यात हे मला उठवायला आले आणि दारातच थांबले.

"अरे, हात तं वर गेले तुह्ये," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "रडून काऊन राह्यली? बरी झाली ना आता?"

बरी झाले म्हणूनच रडत होते. हे त्यांना कसं सांगायचं, मला कळेना. गोळी उपयोगी पडली नसती तर मला एक आडोसा राहिला असता. म्हणता आलं असतं की असेलही, नसेलही, आणि असतं तरी काय करता आलं असतं. आता तीन दिवस, तीन गोळ्या, आणि हात वर. माय पालथी होऊन, रांगत, खांबाला मिठी मारून उठली होती, आणि तिच्यात आणि सरळ उभं राहण्यात एवढंच अंतर होतं. ती गोळी तेव्हाही होती. तालुक्याच्या दवाखान्यात होती. दम्याच्या पेशंटांना मी स्वतः कागदाच्या पुडीत मोजून दिली आहे.

आता रोज सकाळी आधी काहीतरी खायचं आणि मग ती घ्यायची. कडू असते. पाण्याबरोबर चटकन गेली नाही तर जिभेवर विरघळते, आणि ती कडू चव चहानंही जात नाही. भूक अशी लागते की मी डबे धुंडाळत फिरते. तोंड गोल झालं आहे, भेटणाऱ्या बायका म्हणतात, तब्येत सुधारली हो. साखर तपासायची, हाडांसाठी कॅल्शियम घ्यायचं, डोस अगदी सावकाश कमी करायचा, मनानं बंद करायचा नाही. वर्ष, दोन वर्षं, किती ते आत्ताच सांगता येत नाही. नणंदेनं फोनवर दम दिला, "स्टेरॉईड नको खाऊस, हाडं पोखरते." जन्मभर मी बायकांना हेच सांगत आले, खेड्यातल्या कुणाही भोंदूकडून ती सुई टोचून घेऊ नका म्हणून. त्यात खोटं काही नव्हतं. माझी अर्धी नोकरी खरं बोलण्यात गेली. फक्त एकदा चुकले, आणि ते घरात.

हे कुणाला सांगितलं की लोक समजूत घालतात. मुलगी म्हणाली, आई, तेव्हा तुला कुठून कळणार होतं, डॉक्टरांनाही कळत नाही. बरोबर आहे तिचं. मला आजार कळला नाही ह्याचं दुःख नाहीच. दुखतं म्हणणाऱ्या माणसाला मी दुखत नाही म्हणून सांगितलं, आणि तिनं ऐकलं. त्याचं काय करू?

ह्या पंधरवड्यात गावाला जाऊन आले. ह्यांचा विरोध होता, पण मी गोळ्यांची पट्टी आणि चिवड्याची पुडी पिशवीत टाकली आणि बस धरली. भावाचं घर आता स्लॅबचं आहे, मधला खांब गेला. रंजूच्या केसांत पांढरं दिसतं. पहाटे तिनं मला चहा दिला, मी चिवडा खाल्ला, गोळी घेतली. सात-आठ जणी मिळून निघालो. एकटीदुकटीनं आता कुणीच जात नाही, पुढची बाई मध्येच मोठ्यानं खाकरते, मागची उत्तर देते, असं करत जायचं. पाचोळाही आता जाळू देत नाहीत. रंजूनं झाडाखाली खराट्यानं झाडून ठेवलं होतं.

झाड तेच. पानं गळून मोकळं झालेलं, आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस. जमिनीवर पिवळट पांढरा सडा, गार, ओलसर. बाकीच्या बायका आपापल्या झाडांकडे पांगल्या, हाकेच्या अंतरावर. रंजू वाकून वेचत होती. मी तिला आजाराचं सांगितलं. मग मायचं सांगितलं, सगळं, त्या डॉक्टरीणबाईचे चारही प्रश्न. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

तिनं हातातली फुलं टोपलीत टाकली आणि म्हणाली, "बाई, डोळा जायच्या आधी तिले मंधामंधात अंधारी ये. दोनदा, तीनदा आली. मी म्हटलं, बाईले फोन लावतो. थे नको म्हणे."

"माझ्यावर रागावली होती?"

"नाई वं बाई. राग कायचा?" रंजूनं कंबरेवर हात ठेवला आणि सरळ झाली. "थे म्हणे, सुमननं पाह्यलं मले. नर्स आहे माही पोरगी, तिले समजते. थे म्हणली ना काई नाई, तं काई नाई. जे आहे ते मनाचंच आहे. सकाळी उठाले नाई झालं ना, का असं म्हणत म्हणत उठे. मनाचं आहे, मनाचं आहे, अन् खांबाले धरून उठे."

म्हणजे ती शरमली नव्हती. तिनं मला खरंच विचारलं होतं. तू पाह्यलं ना नीट? काई नाई ना? गावातली पहिली नर्स, तिची लेक, तिच्यासमोर बीपीचं मशीन घेऊन बसलेली. तिनं स्वतःच्या खांद्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मग स्वतःलाच खोटं ठरवत रोज पहाटे उठत राहिली.

फुलं पडत होती. एक माझ्या खांद्यावर पडलं आणि घरंगळून खाली गेलं. मला वाकता येत होतं. गोळी लागू होती, कंबर मोकळी होती, मी हवं तर तासभर वाकून वेचलं असतं. मी खाली बसले. टोपली मांडीशी घेतली आणि बसल्या बसल्या सरकत वेचायला लागले, एक हात टेकून, थोडं पुढे, मग थोडं पुढे. पातळाला माती लागत होती.

रंजू हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत होती. "बाई, तुमची कंबर दुखून राह्यली का?"

"नाई," मी म्हटलं. "मायची दुखत होती."